आत्याचं माहेर

काल संध्याकाळी पालघरच्या बाजारातून खोलीवर परतत होते, तर एका जिन्यातून भाजलेल्या मिरचीचा असा खकाणा आला की भर रस्त्यात मला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पिशवीतली वांगी रस्त्यावर. शेजारी रिक्षा हळू करत रिक्षावाला म्हणाला, "आगोट आली वाटतं." मी शिंकतच मान हलवली. वांगी गोळा करायला तो काही उतरला नाही.

आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मिरची, मसाला, कांदे, पापड, सुकी मासळी, जे जे चार महिने पुरायला हवं ते मे महिन्यात वाळवायचं, कुटायचं, डब्यात भरायचं. आमच्याकडे त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही, नाक पुरतं. आणि दरवर्षी नेमकी तेव्हाच आमची परीक्षा असते. त्यामुळे मराठी साहित्याचा इतिहास उघडला की मला सुक्या जवळ्याचा वास येतो आणि जवळ्याचा वास आला की पोटात गोळा येतो. लोकांना वाटतं मला मासळी आवडत नाही. मला मासळी फार आवडते, इतिहास आवडत नाही.

आता कुणी विचारेल, बोईसरची मुलगी पालघरात खोलीवर का? मध्ये फक्त एक उमरोळी स्टेशन, एवढ्याशा अंतरासाठी कुणी घर सोडतं का? तर मी सोडलंय, कारण घरी आगोट चालू आहे. आगोटीत आमच्या घरात अभ्यास करायचा म्हणजे मिरचीच्या ढिगावर बसून परीक्षा द्यायची. प्रणाली नावाची माझी मैत्रीण इथे खोली घेऊन राहते, तिच्याकडे मी पुस्तकं आणि उशी घेऊन आले. येताना आई म्हणाली, "जा बाई, नीट अभ्यास कर." तिच्या आवाजात मला दुःख कमी आणि जागा मोकळी झाल्याचा आनंद जास्त वाटला.

अभ्यास बाजूला राहिलाय, कारण सरांनी मध्येच एक निबंध मागितलाय. विषय, 'मी आणि माझी ऑनलाइन ओळख'. शेवटी एक छापील ओळ आहे, 'सदर लेखन पूर्णपणे माझे स्वतःचे आहे', आणि त्याखाली सही. निबंध राहू दे, मी त्या ओळीवरच अडकून बसलेय. माझी ऑनलाइन ओळख म्हणायची तर ती एकच आहे. तिने पन्नाशी ओलांडलीय, ती मनगटभर हिरव्या बांगड्या घालते, कुणालाही अरे-तुरे करते आणि तिचे गुडघे दुखतात. तिचं नाव आगोटवाली आत्या. आता ही बाई 'पूर्णपणे माझी स्वतःची' आहे, असं मी कुठल्या तोंडाने लिहू?

तिचा जन्म दोन वर्षांपूर्वीच्या आगोटीतला. पण त्याआधी तिच्या दोन आया सांगायला हव्यात.

पहिली माझी आई, लता. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. बाबांना औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात काम लागलं म्हणून मी लहान असताना इथे आलो. दुसऱ्या हिराकाकू, आमच्या घरमालकीण. त्यांचं माहेर मुरबे, किनाऱ्यावरचं गाव, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. त्या बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकतात. एकाच गॅलरीत आमची खोली आणि त्यांचं घर, मध्ये एक भिंत आणि एक पाण्याचा पिंप.

आई पहिल्या वर्षी काय करायची, तर सुकटीचा वास आला की खिडकी लावून उदबत्ती पेटवायची. एक संपली की दुसरी. शेवटी हिराकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुज्याकडं रोज सत्यनारायण असतो काय गो? परसाद तर एकदा पन आला नाय." आई लाजेने लाल झाली. त्या दिवशी तिने खरोखरच शिरा केला आणि वाटी भरून शेजारी पाठवला. मग काकूंची वाटी आली, त्यात जवळ्याची चटणी. आता वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत धुळ्यातही आहे आणि मुरब्यातही आहे. एकदा वाटी सुटली की ती थांबत नाही. आईने काळा मसाला भाजला तो वाटीतून गेला, काकूंनी बोंबील दिले ते वाटीतून आले, आणि एका दुपारी आईने त्या बोंबलांना तो मसाला लावला. सुक्या बोंबलाचं काळ्या मसाल्यातलं कालवण! धुळ्यात बोंबील नाहीत आणि मुरब्यात काळा मसाला नाही, त्यामुळे तोवर पृथ्वीवर ते कुणी केलं नव्हतं. काकूंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लते, तू बाटलीस. आन् मी पन."

आईला बोईसरात ही एकच मैत्रीण. बाबा पाळीवर, मी कॉलेजात. आणि आम्ही घरी असलो तरी काय, आम्ही घरचेच. घरच्यांची गाऱ्हाणी सांगायला बाहेरचं माणूस लागतं. ते माणूस भिंतीपलीकडे होतं.

तर दोन वर्षांपूर्वीच्या त्या आगोटीत हिराकाकू मला म्हणाल्या, "वैशू, समदी लोकं त्या फोनवर दुकान मांडतात. माजं पन मांड की." मी मुरब्याला त्यांच्या बहिणीच्या अंगणात गेले. वलांडीवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या बांबूंवर, बोंबील जोडीजोडीने टांगलेले, काकूंचे हात ते उलटेपालटे करतायत, बांगड्या वाजतायत. तेवढंच चित्रित केलं. चेहरा दाखवायला काकूंनी सक्त मनाई केली, कारण "माजी नणंद बघंल." आणि नाव? मावशी खूप झाल्यात. काकू कुणीही असते. ताई म्हटलं की लोक लगेच उधार मागतात. पण आत्या! आत्याला अधिकार असतो. ती बारशात नाव ठेवते आणि नंतर आयुष्यभर नावं ठेवते. म्हणून आगोटवाली आत्या.

पहिल्याच दिवशी मी दोघींना समोर बसवून वाटणी केली होती. "काकू, हात तुमचे. आई, चव तुझी. आणि जीभ माझी." म्हणजे खाली जे काही लिहायचं ते मी लिहिणार.

"जीब तर तुजीच हाय," काकू म्हणाल्या. "दिसभर चालतीय ती."

आणि अहो, ती आत्या चालली! मी काय लिहायचे, तर "बोंबील घेताना वाकवून बघ. वाकला तर ठेव, मोडला तर घे. नवरा घेताना उलटं कर." लोक वेडे झाले. नोकरी करणाऱ्या मुली, परदेशातली पोरं, सफाळ्याच्या एक निवृत्त शिक्षिका, सगळे "अहो आत्या" म्हणत खाली जमायचे. कुणी विचारायचं, जवळ्याला किती वेळ भाजू. कुणी विचारायचं, सासूला कसं सांगू. मी वीस वर्षांची. मला ना जवळा भाजता येत होता, ना मला सासू होती. पण आत्या उत्तर द्यायची, आणि फार बरोबर द्यायची. शेवटी एकच ठरलेली ओळ, "चला, ताटं घ्या."

फोनला मात्र मी कोण ते कळेनासं झालं. आधी तो मला कानातली आणि गाण्यांचे कार्यक्रम दाखवायचा. आता तो मला गुडघ्याचं तेल, मोठ्या अंकांचा तराजू, मासळीवर टाकायची मच्छरदाणीइतकी मोठी जाळी आणि 'उतारवयात एकटेपणा वाटतो का?' असं काहीबाही दाखवू लागला. रोज रोज तेच बघून मला खरंच जिना चढताना गुडघ्यात काहीतरी होऊ लागलं. ते तेल मी मागवलंही. बाबा वापरतात.

मागवण्यावरून आठवलं. आईची खरेदी ही एक वेगळीच चीज आहे. ती फोनवरच्या टोपलीत साड्या, कढया, भिंतीवरचं घड्याळ, सगळं भरून ठेवते आणि काही म्हणजे काही घेत नाही. दुपारी उघडून फक्त बघते, सगळं जागेवर आहे ना. काकूंनी एकदा ते पाहिलं आणि त्या हबकल्याच. "टोपलीत घालून ठेवतेस आन् जातेस? माज्याकडं कुनी असं केलं तर त्याला मी कोयताच दावीन." आई म्हणाली, "हिराताई, बघण्यातच अर्धं सुख आहे." काकू म्हणाल्या, "उरलेलं अर्धं कंच्या गिऱ्हाईकाला इकायचं?" मी हे संभाषण जसंच्या तसं आत्याच्या नावावर टाकलं. आई आणि काकू दोघींनी ते वाचून मला शाबासकी दिली, की किती छान सुचतं तुला. मलाही तेव्हा ते मलाच सुचलंय असं वाटलं होतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मग आलं ते कालवण. आत्याने सुक्या बोंबलाचं काळ्या मसाल्यातलं कालवण दाखवलं, आणि खाली युद्ध पेटलं. एकाने लिहिलं, समुद्राकडची बाई बोंबलात काळा मसाला घालूच शकत नाही, ही आत्या खोटी आहे. दुसरीने लिहिलं, हात बघा, बोंबील धरायची पद्धत अस्सल किनाऱ्याची आहे. तिसऱ्याने मसाला भाजायचा क्रम बघून सांगितलं, ही बाई शंभर टक्के खान्देशातली. मग सगळे एकच विचारू लागले, "आत्या, तुमचं माहेर कुठलं?" दोन दिवस लोक जेवणखाण सोडून आत्याचं माहेर शोधत होते. तोंडाला पदर लावून आई आणि ओढणी लावून मी हसत होतो, काकू पिंपावर बसून गुडघ्यावर थाप मारून हसत होत्या. असं आम्ही तिघी मिळून शेवटचं हसलो ते तेव्हा.

कारण भांडणाला फार गर्दी जमली की बाजार मागोमाग येतोच. तयार मसाल्याची पाकिटं विकणाऱ्या एका कंपनीचा निरोप आला. मी मोठ्याने वाचून दाखवला. "आदरणीय आत्या, आम्हाला तुम्हाला प्रत्यक्ष भेटून तुमचं चित्रीकरण करायचं आहे."

मग आई म्हणाली, "मी कोणती साडी नेसू?" आणि नेमकं त्याच वेळी काकू म्हणाल्या, "मी बांगड्या नव्या भरून येते."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी फोन खाली ठेवला.

"लोकं माज्या हातास्नी वळखतात," काकू म्हणाल्या.

"हात बघून कोणाचं पोट भरत नाही, हिराताई. मसाला माझा आहे."

"बोंबीलच नाय तर मसाला कशास लावशील? भिंतीला?"

"आणि माझा मसाला नसता तर तुमच्या बोंबलांना कोण विचारत होतं? दोरीवरच लोंबकळत राहिले असते."

हे आईने बोलायला नको होतं. काकूंचा चेहरा उतरला. बोंबलांना नावं ठेवणं म्हणजे त्यांच्या आईबापांना नावं ठेवण्यासारखं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठ वळवूनच म्हणाल्या, "माजी वाटी दे." आईने मांडणीतून वाटी काढली, घासली, पुसली आणि परत दिली. रिकामी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती वाटी त्या दारातून रिकामी गेली.

मग अबोला. खोल्या शेजारी, गॅलरी एक, पाण्याची टाकी एक, आणि अबोला! काकू गॅलरीत उभ्या राहून मला सांगायच्या, "तुज्या आयला सांग, टाकी भरली, पंप बंद कर." आई तिथेच, हात लांब केला तर काकूंना लागेल इतक्या जवळ. ती म्हणायची, "वैशू, सांग त्यांना, ऐकू आलं म्हणावं." गच्चीवर दोघींची मिरची दरवर्षी आईच्या एकाच जुन्या लुगड्यावर वाळायची. त्या वर्षी आईने मधोमध एक पायपुसणं आडवं टाकलं. अलीकडची आमची, पलीकडची त्यांची. कावळ्यांनी ती हद्द अजिबात मानली नाही. बाबा पाळीवरून घरी आले की दारातच थांबायचे आणि मला हळूच विचारायचे, "मला फक्त एवढं सांग, आज भाजी कुठल्या घरची आहे?" तेव्हा ती दोन्हीकडची बेचव होती. काकूंच्या आमटीत मसाला नव्हता आणि आमच्या ताटात मासळी नव्हती.

हसण्यावारी नेतेय, पण मला भीती वाटत होती. आई दुपारी एकटी बसून जिरं निवडायची. निवडून झालेलं जिरं पुन्हा निवडायची. फोनवरची टोपली उघडणंसुद्धा तिने बंद केलं. मला वाटायचं, आता आम्ही ही खोली सोडणार, आणि आई पुन्हा कुठल्यातरी नव्या गॅलरीत खिडकी लावून उदबत्त्या पेटवत बसणार. आणि आत्या? आत्या त्या काळातही रोज लोकांना शहाणपण शिकवत होती. एका मुलीने विचारलं, मैत्रिणीशी भांडण झालंय, काय करू? मी लिहिलं, "आधी जेवून घे." दुसरं काही सुचलंच नाही.

शेवटी कंपनीचा माणूस आला. पांढरेशुभ्र बूट, मोठा गोल दिवा आणि मसाल्याच्या पाकिटांचं एक खोकं. जिना चढताना त्याने दोनदा नाकाला रुमाल लावला. वर आमच्या दारात आई जरीच्या साडीत, शेजारच्या दारात काकू अंगावर असेल नसेल तेवढं सोनं घालून. मध्ये पिंप.

"तर, आत्या कोण?" त्याने विचारलं.

"मी," दोघी म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दोघीही." त्याला आधी गंमत वाटली, मग काळजी वाटली. "देखिए, कंपनीला एकच फेस पाहिजे," तो म्हणाला. मग त्यानेच तोडगा काढला, की दोघींनी आळीपाळीने तेच कालवण करून दाखवावं, कॅमेऱ्यात जी छान दिसेल ती आत्या. एकीला निवडलं की दुसरी गेली, हे मला लख्ख दिसत होतं.

आमच्या खोलीत आधी आई बसली. इतकी वर्षं तिला बोंबील साफ होऊनच यायचे, त्यामुळे आख्खा सुका बोंबील हातात धरायची तिची ही पहिलीच वेळ. तिने तो शेपटीला धरून लांब धरला, जणू कुणाचातरी हरवलेला मोजा सापडलाय. मग तसाच पाण्यात बुडवला. काकू चौकटीला टेकून पाठ करून उभ्या होत्या. पण त्यांच्या पाठीला डोळे असावेत.

"अगो, डोकं काड आदी!" त्या ओरडल्याच. "डोकं ठेवून काय त्याच्याशी गप्पा मारायच्यात?"

आई दचकली. पण अबोला मोडल्याचं दोघींच्याही लक्षात आलं नाही, कारण तेवढ्यात कंपनीवाल्याने काकूंना पुढे बोलावलं. काकूंनी तव्यावर खोबरं टाकलं आणि गॅस मोठा केला. धूर निघाला. आई पदर खोचून उठली.

"बारीक करा! गॅस बारीक करा, हिराताई! खोबरं आहे ते, टायर नव्हे!"

"मंग तूच कर ना! उभी राहून काय बगतेस?"

"तुम्ही सरका तर खरं! आणि तो बोंबील द्या इकडे कापून, माझ्याच्याने नाही होत."

"दे, दे. कसा भिजवलाय बग लगद्यासारखा."

आणि मग शेगडीपाशी दोघींच्या फक्त पाठी. एक जरीची, एक सोन्याने लखलखणारी. तो माणूस मागून ओरडतोय, "आत्या, इकडे बघा! आत्या, जरा स्माइल!" पण वळून कुणीच बघेना, कारण दोघींपैकी कुणालाही तो आपल्याला हाका मारतोय असं वाटत नव्हतं. त्याची पाकिटं ओट्याच्या कोपऱ्यात न फोडता पडून होती. कालवण उकळलं, घरभर तो वास पसरला आणि त्या बिचाऱ्याने रुमाल खिशात ठेवला.

"प्लीज," तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "शेवटचं विचारतो. आत्या कोण?"

काकूंचे हात ओले होते, त्यांनी कोपराने आईकडे दाखवलं. "ही." आणि आईच्या हातात पळी होती, तिने पळीनेच काकूंकडे दाखवलं. "या."

माझा जीव भांड्यात पडला. त्याच भांड्यात बोंबील होते. आणि मग, मनातलं सांगते, मला फार वाईट वाटलं. कारण त्या माणसाने माझ्याकडे बघितल्यावर मी केस सारखे करून तयार उभी होते, आणि तो म्हणाला, "तू फक्त अकाउंट बघतेस ना?" फक्त! त्या बाईच्या तोंडचा एकूण एक शब्द माझा, आणि मी फक्त! त्याहून दुःख हे की त्या दोघींपैकी एकीनेही त्याला टोकलं नाही. त्या मीठ बरोबर आहे की नाही ते बघत होत्या.

तो दोन वेळा वाढून घेऊन जेवला आणि गेला. नंतर निरोप आला, की आत्या एकच बाई असती तर नक्की जमलं असतं. आई म्हणाली, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." काकूंनी त्याचं एक पाकीट फोडून हुंगलं. "नुसता रंग हाय गो, वासच नाय." पण खोकं मात्र छान जाडजूड होतं. त्यात त्या वर्षीचे बोंबील भरले, आणि ते खोकं आमच्या मांडणीवर अजून आहे. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे वाटी गेली, काठोकाठ भरलेली. न्यायला मीच होते, आणि सांडू नये म्हणून मी इतकी हळू चालले की काकू म्हणाल्या, "वरातीत हायस काय?"

आत्याच्या माहेराचं उत्तर मी त्यानंतर दिलं. लिहिलं, "माझं माहेर बोईसर." कुणालाच पटेना. बोईसर काय कुणाचं माहेर असतं का? तिथे लोक कामाला येतात. हे मात्र खरं की बोईसरात कुणालाही गाव विचारा, तो दुसरंच कुठलंतरी नाव सांगतो. धुळे, सांगली, बिहार, मुरबे. मीही कालपरवापर्यंत धुळे सांगायचे, जिथे मी फक्त लग्नांना जाते. पण ते कालवण दुसरीकडे कुठे जन्माला आलं असतं? त्याला तीच गॅलरी लागते आणि तोच पिंप लागतो. आत्या सगळ्या बाजूंनी खोटी असेल, पण बोईसरची आहे ही गोष्ट तिची शंभर टक्के खरी आहे. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी तेव्हा फक्त वाद मिटावा म्हणून लिहिलं होतं.

यंदा परीक्षेमुळे इथे आल्यापासून मी आत्याच्या नावाने एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, गप्प असेल बिचारी. जीभच पालघरात म्हटल्यावर बोलणार काय? थोडं वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. बघा म्हणावं, 'फक्त' बघणारी नसली की काय होतं. काल शिंकून शिंकून लाल झालेलं नाक घेऊन खोलीवर आले, वांगी प्रणालीच्या हवाली केली आणि सहज फोन उघडला, तर आत्या बोलत होती! गच्चीवर एकच लुगडं, त्यावर मिरचीचा लालभडक ढीग, बांगड्यांचे हात, कोपऱ्यात तव्यावर खोबरं. आणि खाली लिहिलेलं, "मिरचीला ऊन दाखवा, आपण सावलीत बसा. वाळायचं काम तिचं हाय, आपलं नाय. फोन लांब ठेवा, नायतर तो पन शिंकंल. चला, ताटं घ्या."

मी तीनदा वाचलं. चूक शोधत होते, दुसरं काय. सापडेना. आत्याचं खातं आईच्या फोनमध्येही आहे, त्या दोघींनी त्यात बोलून बोलून ते लिहिलं असणार, आणि ते हुबेहूब माझ्यासारखं होतं. हातातलं काम सोडून मी जुनं सगळं वर सरकवत वाचायला बसले. बोंबील वाकवून बघ, मोडला तर घे, हे काकू गिऱ्हाइकांना रोज सांगतात. नवऱ्याचं तेवढं आईने एकदा बाबांकडे बघत म्हटलं होतं. "आधी जेवून घे" हे तर रडत घरी आलेल्या मला आई बालवाडीपासून सांगतेय. आणि "चला, ताटं घ्या"? ती आमच्या घरातली संध्याकाळची हाक. मी ती इतकी वर्षं ऐकत आले आणि खुशाल आपली म्हणून खाली टाकत राहिले. हिशेब केला तर माझे स्वतःचे म्हणायला पूर्णविराम तेवढे उरतात.

तेव्हा सर, सही मी करते, कारण सही केल्याशिवाय तुम्ही गुण देणार नाही. पण त्या ओळीतला 'पूर्णपणे' हा शब्द मी खोडलाय. आमच्या मसाल्यातून कुणाची मिरची कुठली ते तुम्ही निवडून दाखवा, मग मी तो शब्द परत लिहीन.

काल मात्र मला राहवलं नाही. माणसाने आपली जागा सहजासहजी सोडू नये. मी माझ्या स्वतःच्या नावाने आत्याच्या खाली लिहिलं, "खोबरं जरा जास्त भाजलंय, आत्या."

बापरे! आत्याची सगळी लेकरं माझ्यावर तुटून पडली. "आत्याला शिकवणारी तू कोण?" "आधी स्वतः करून दाखव." सफाळ्याच्या शिक्षिकाबाईंनी लिहिलं, "मोठ्यांशी असं बोलतात का, बाळ?" मी वाचतेय, नाक पुसतेय, मध्येच शिंकतेय. प्रणाली म्हणाली, "अगं, उत्तर दे ना त्यांना!" पण 'तू कोण' यावर काय लिहू, आत्या?

तेवढ्यात खाली आत्याचं उत्तर उमटलं.

"तिला कुनी काय बोलू नका. माजी जीब हाय ती. परीक्षेला पालघरात गेलीय."